सागरतळाची निवड : मालवण कीं अंदमान?

चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांचा समुद्राशीं जो कांहीं संबंध आहे, तो नद्यांच्या द्वारांच. वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता बनते, ती सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते आणि हें सारें पाणी पूर्व समुद्रास जातें. इतक्या दूरच्या प्रदेशांतलीं कुटुंबेंहि आतां सुटींत बेटांवर जाऊन समुद्रांत बुडी मारण्याचे बेत करतात. मग प्रश्न पडतो कीं जावें कोठें, मालवणास कीं अंदमानास? खर्च आणि पाण्याचा निर्मळपणा एवढ्यावरच बहुधा हा प्रश्न सोडविला जातो. या दोन्ही जागांचा इतिहास ध्यानीं घेतला, तर मात्र निवड अधिक सुज्ञपणें करतां येते.

मोत्यांसाठीं एका श्वासावर बुडी मारणारे लोक फार पूर्वींपासून आहेत; परंतु हवेचें नळकांडें पाठीवर बांधून पाण्यांत मोकळेपणें हिंडण्याची सोय अलीकडची. १९४३ सालीं फ्रान्समध्यें जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनीं असें साधन सिद्ध केलें कीं, श्वासापुरती हवा भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें आपोआप मिळावी. या प्रकारच्या बुडीलाच आज स्कूबा म्हणतात. समुद्रांत दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाएवढा दाब वाढत जातो. म्हणून हें साधन शिकल्यावांचून हाताळण्यासारखें नव्हे.

मालवणच्या पाण्याची थोरवी ओळखली ती शिवाजीमहाराजांनीं. किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ झाला व १६६७ सालीं तें पुरें झालें. बेटाभोंवतीं पाण्याखालीं दडलेले खडक इतके, कीं अनोळखी जहाजास वाट सांपडणें कठीण. १७६५ सालीं इंग्रजांनीं किल्ला जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. लोकांच्या तोंडीं तें बसलें नाहीं. जे खडक एके काळीं शत्रूच्या गलबतांस वैरी झाले, तेच आज प्रवाळांस व रंगीत माशांस आसरा देतात. १९८७ सालीं येथील सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य ठरलें. येथील पाणी गाळामुळें अंदमानाइतकें स्वच्छ नसतें आणि पावसाळ्यांत बुडी बंदच असते, हें खरें. परंतु उथळ पाणी, जवळचा किनारा आणि मराठींत समजावून सांगणारा शिक्षक हे तीन गुण नवशिक्यास थोडेथोडके नव्हेत.

अंदमानाची गोष्ट निराळी. तेथें हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत पाणी बहुधा शांत व पारदर्शक असतें आणि प्रवाळांची समृद्धि मालवणाहून कितीतरी अधिक. पण या बेटांचा अर्वाचीन इतिहास बंदिवानांपासून सुरू होतो. १० मार्च १८५८ रोजीं सुमारें दोनशें कैद्यांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरास उतरली. त्याच वर्षीं चांदा जिल्ह्यांत बंडाचा वणवा पेटला होता. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशीं देण्यांत आलें. त्यांचे साथीदार, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव, बस्तरांत निसटले. १८६० सालीं ते पकडले जाऊन त्यांस जन्मभर हद्दपारीची शिक्षा झाली. या शिक्षेलाच लोक काळें पाणी म्हणत.

आज पाणबुड्यांची गर्दी ज्या बेटांवर होते, त्यांचीं नांवेंहि याच बंडाच्या इतिहासांतून आलेलीं. हॅव्हलॉक आणि नील हे बंड मोडणारे सेनापति. आउट्रम, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स हीं शेजारचीं बेटेंहि त्याच मालिकेंतलीं. याच द्वीपसमूहांत १९९६ सालीं सागरी राष्ट्रीय उद्यान झालें, त्यास राणी झांशीचें नांव मिळालें. आणि २०१८ सालीं हॅव्हलॉकचें स्वराज द्वीप व नीलचें शहीद द्वीप झालें. २०२४ सालीं पोर्ट ब्लेअरहि श्रीविजयपुरम् झालें.

निवडीस आणखी एक कसोटी आहे. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. अरण्यांत पायंडा सोडूं नये, जनावरास छेडूं नये, हें चंद्रपूरकरांस शिकवावें लागत नाहीं. प्रवाळ हेंहि समुद्रांतलें अरण्यच. कित्येक प्रवाळ वर्षास सेंटिमीटरभरच वाढतात. अडाणी पायाच्या एका लाथेनें कित्येक वर्षांची वाढ मोडते. त्यांत समुद्र तापला म्हणजे तीं पांढरीं पडतात. २०१० च्या उन्हाळ्यांत अंदमानांतील प्रवाळांची अशीच मोठी हानि झाली. ज्यास पाण्यांत अजून तोल सांवरतां येत नाहीं, त्यानें तेथें प्रथमच उतरणें त्या सृष्टीस महाग पडतें.

म्हणून ज्या घरांत कोणीं पूर्वीं बुडी मारलेली नाहीं, त्यानें आधीं मालवणास जावें, सिंधुदुर्ग पहावा, पाण्याखालीं श्वास घेण्यास व तरंगत राहण्यास शिकावें. अंदमान त्यानंतर. तेथून परततांना शेवटच्या बुडीनंतर निदान एक दिवस विमानांत बसूं नये; कारण दाबाखालीं रक्तांत विरलेला नायट्रोजन उंचावर बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडून शरीरास इजा करतो. तो रिकामा दिवस सेल्युलर जेलसाठीं राखावा. १९०६ सालीं पुऱ्या झालेल्या त्या तुरुंगांत सावरकर बंधूंनीं दहा वर्षांच्या आसपास काढलीं. चांद्याकडच्या प्रवाशानें तेथें व्यंकटरावांच्या शिक्षेचेंहि स्मरण करावें. ज्या नांवाचें भय घालून त्यांच्या पिढीस गप्प बसविण्यांत आलें, त्याच पाण्यांत आज त्यांच्या मुलखांतलीं मुलें हौसेनें उतरतात.