स्नायुबल, मानवी

स्नायूंच्या आकुंचनातून बाह्य रोधाविरुद्ध लावता येणारा जोर म्हणजे स्नायुबल. त्याचा उगम ॲक्टिन व मायोसीन या प्रथिनांच्या परस्परओढीत आहे (पहा : स्नायू). स्नायूच्या छेदाच्या दर चौ. सेंमी.मागे सु. २ ते ३ किग्रॅ. जोर निर्माण होतो. पण तो सगळा हाती लागत नाही. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर १० किग्रॅ.चा पिठाचा डबा पेलताना दंडाच्या स्नायूला सु. सात पट ओढ द्यावी लागते, कारण तो सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंमी.वर जोडलेला असतो.

तरीही बळाची मर्यादा स्नायूच्या जाडीपेक्षा मज्जासंस्थेच्या आज्ञेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. तालमीच्या पहिल्या आठवड्यांत दंडाचा घेर फारसा न वाढताही जोर वाढतो. इकाई व स्टाइनहाउस यांना १९६१ मध्ये पिस्तुलाच्या बारानंतर, तसेच स्वतः ओरडल्यावर, हाताचा जोर वाढलेला आढळला. उलट मर्टन यांनी १९५४ मध्ये अंगठ्याच्या स्नायूला विद्युत् चेतना दिली, तेव्हा ऐच्छिक जोरात भर पडली नव्हती. आक्षेप वजनदार आहे. मात्र पुढील सूक्ष्म मापनांत, विशेषतः लांबलेल्या आकुंचनात, अशी भर स्पष्ट दिसली. तेथे स्नायूत जोर शिल्लक असतो, आज्ञा उणी पडते (पहा : थकवा, मज्जासंस्था).