हाताच्या अस्थिभंगावरील सचल प्लॅस्टर

तळहाताचे किंवा बोटाचे हाड मोडल्यास त्याला आधार देऊन बोटांचे सांधे हलते ठेवणाऱ्या प्लॅस्टरला सचल प्लॅस्टर म्हणता येईल. हाताच्या अस्थिभंगात हाड जुळूनही सांधे आखडतात आणि मूठ वळेनाशी होते. हे अपंगत्व टाळणे हा या उपचाराचा मुख्य हेतू होय.

पार्श्वभूमी

डच लष्करी शल्यचिकित्सक आन्तोनियस माथायसेन यांनी प्लॅस्टरच्या पट्ट्यांची पद्धत १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे मोडलेल्या हाडाच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे जखडून ठेवण्याचा प्रघात पडला. फ्रान्समधील ल्युका-शांपिओनिएर यांनी मात्र लवकर हालचाल व मर्दन यांचा पुरस्कार केला. अमेरिकेत ऑगस्तो सार्मिएन्तो यांनी १९६७ मध्ये नडगीच्या अस्थिभंगासाठी गुडघा मोकळा ठेवणारे प्लॅस्टर मांडले. हातावरील सचल प्लॅस्टरमागेही हेच तत्त्व आहे.

शारीरिक आधार

हातात २७ हाडे असतात : मनगटात ८, तळहातात ५ करभास्थी आणि बोटांत १४ अंगुलास्थी. बोटाच्या मुळाच्या सांध्याचे दोन्ही बाजूंचे अस्थिबंध बोट वाकलेले असताना ताणलेले, तर सरळ असताना सैल असतात. बोट सरळ ठेवून ते कित्येक आठवडे जखडल्यास सैल अस्थिबंध आखूड होतात. हालचाल थांबल्याने स्नायूंच्या कंडराही हाडाला चिकटतात.

पद्धत

मनगट सुमारे ३० अंश मागे वळवून आणि बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकवून प्लॅस्टर घालतात. बोटांचे मधले व टोकाचे सांधे मोकळे राहतात. रुग्ण बोटे मिटतो तेव्हा बोटाच्या पाठीवरील कंडरा ताणली जाऊन मुळाकडील अंगुलास्थीवर घट्ट बसते व तुकड्यांना जागेवर धरून ठेवते. अशा रीतीने हालचालच आधाराचे काम करते. दुखावलेले बोट कधीकधी शेजारच्या निरोगी बोटाशी बांधतात. प्लॅस्टर सामान्यतः ३ ते ४ आठवडे ठेवतात. या काळात तुकडे सरकले नाहीत ना, हे क्ष-किरण चित्रांद्वारे तपासले जाते.

मर्यादा व दक्षता

सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे सरकलेले असल्यास, जखम उघडी असल्यास किंवा तुकडे जागेवर टिकत नसल्यास तारा, स्क्रू अथवा पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागू शकते. मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढत असल्यास हाड पिळले गेल्याची शंका घेतात. हा दोष आपोआप सुधारत नाही. सूज येण्यापूर्वी अंगठ्या काढणे व हात उंच ठेवणे हितावह असते. प्लॅस्टर घातल्यावर वेदना वाढत गेल्यास, बोटे बधिर, थंड वा निळसर झाल्यास विलंब न करता वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.