पैजेचा कायदा आणि एका लिपिकाची वही

म्हैसूरच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत काही दिवस राहण्याचा योग आला होता. ललितमहाल रस्त्यावरील या संस्थेपासून तेथील रेसकोर्स फार दूर नाही. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी पसरलेल्या त्या मैदानाकडे मी सकाळी फिरायला जात असे. म्हैसूर रेस क्लबची स्थापना १८९१ सालची, म्हणजे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या कारकिर्दीतली. त्याच सुमारास वर्गात एका विषयावर चर्चा रंगली होती : पैज लावणे हा जुगार केव्हा आणि कौशल्य केव्हा? सहकारी अधिकारी न्यायनिवाड्यांचे दाखले देत होते. मला मात्र माझ्या जुन्या कार्यालयातील एका लिपिकाची वही आठवत होती.

हा लिपिक कामात चोख होता. एका वर्षात त्याने भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम मिळण्यासाठी तीन अर्ज केले. पहिला घरदुरुस्तीसाठी, दुसरा मुलीच्या शिक्षणासाठी, तिसरा वडिलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी. अर्जातील कारणाचा रकाना भरलेला होता, शिल्लक पुरेशी होती, म्हणून तिन्ही अर्ज मी मंजूर केले. चौथ्या महिन्यात त्याची पत्नी कार्यालयात आली आणि म्हणाली, "साहेब, सासऱ्यांना जाऊन सहा वर्षे झाली. शस्त्रक्रिया कोणाची झाली?"

तो युरोपातील फुटबॉल सामन्यांवर पैजा लावीत होता. मी बोलावले तेव्हा त्याने काही लपविले नाही. उलट एक जाड वही समोर ठेवली. इतकी नेटकी नोंदवही आमच्या आस्थापना शाखेतही नव्हती. प्रत्येक सामन्यापुढे रकाने : सामना कोणाच्या मैदानावर, मागील पाच सामन्यांचे निकाल, जायबंदी खेळाडू, दोन सामन्यांमधील विश्रांतीचे दिवस, पाऊस, पंच कोण, आणि शेवटी अंदाज बरोबर की चूक. "साहेब," तो म्हणाला, "माझे निम्म्याहून अधिक अंदाज बरोबर आले आहेत." मी शंभर नोंदी मोजल्या. पंचावन्न बरोबर होत्या. तो खोटे बोलत नव्हता. मग पैसे गेले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला त्याच्या रकान्यांचा आदर वाटू लागला, हे मान्य केले पाहिजे. त्यातील एकही मुद्दा अंधश्रद्धेचा नव्हता. घरच्या मैदानाचेच पाहा. संतोष करंडक जुन्या म्हैसूर राज्याने चार वेळा जिंकला : १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९ च्या स्पर्धांत, आणि चारही वेळा अंतिम सामन्यात बंगालला हरवून. यांपैकी कटकचा अपवाद सोडला, तर तीन विजय बंगळुरातले, म्हणजे घरचे. चार अंतिम सामन्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. पण इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२०-२१ च्या मोसमात, महामारीमुळे प्रेक्षागृहे जवळजवळ रिकामी असताना, यजमानांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. एरवी हे पारडे यजमानांकडे स्पष्ट झुकलेले असते. घरच्या मैदानाचा लाभ बऱ्याच अंशी घरच्या माणसांच्या आरड्याओरड्यात असतो, असे यावरून दिसते.

परंतु फुटबॉलचा एक स्वभाव आहे. या खेळात गोल फार थोडे होतात. दोन्ही संघांचे मिळून सरासरी अडीच ते तीन. कबड्डीत तीसचाळीस गुणांची देवाणघेवाण होते, त्यामुळे एखाददुसरी चूक भरून निघते आणि बलवान संघ बहुधा जिंकतो. फुटबॉलमध्ये एका घसरलेल्या पायाने निकाल फिरतो. समजा एका संघाची अपेक्षित सरासरी दीड गोलांची आहे आणि दुसऱ्याची १.१ ची. संख्याशास्त्रातील प्वासाँ पद्धतीने हिशेब केला, तर सरस संघ जिंकण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के, बरोबरीची २६ आणि पराभवाची २८ येते. म्हणजे कोण सरस हे अचूक ओळखूनही निम्म्याहून अधिक वेळा तो संघ जिंकणार नाही. मागील पाच सामन्यांचा रकाना तर सर्वांत फसवा. पाच सामन्यांत गुणवत्तेपेक्षा योगायोगच अधिक बोलतो.

पण मूळ घोटाळा याहून निराळा होता, आणि तो मला म्हैसूरच्या रेसकोर्सवर उमगला. घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत ज्याची कामगिरी चांगली, त्याच्या पाठीवर अधिक वजन ठेवतात. हेतू असा, की सर्वांची संधी शक्य तितकी सारखी व्हावी. फुटबॉलच्या संघाच्या पाठीवर वजन ठेवता येत नाही. ते सट्टेवाला भावात ठेवतो. ज्या संघाबद्दल वहीतील सगळे रकाने अनुकूल बोलतात, त्याचा भाव आधीच उतरलेला असतो. घरचे मैदान, जायबंदी खेळाडू, पाऊस, हे सारे भाव ठरविणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि त्याच्याकडे वहीऐवजी संगणक असतो. म्हणून पैज लावणाराने विचारायचा प्रश्न "कोण जिंकेल?" हा नव्हेच. "भाव सांगतो त्याहून जिंकण्याची शक्यता अधिक आहे काय?" हा आहे.

आमच्या लिपिकाचा हिशेब मी करून पाहिला. तो बहुधा बलवान संघावर, रुपयाला साठ पैसे अशा भावाने पैसे लावी. हजार रुपयांची एक अशा शंभर पैजा धरू. पंचावन्न जिंकल्या : प्रत्येकी सहाशे, एकूण ३३,००० रुपये आले. पंचेचाळीस हरल्या : ४५,००० गेले. निव्वळ तोटा १२,०००. या भावात केवळ मुद्दल राखायला शंभरातले साडेबासष्ट अंदाज बरोबर यावे लागतात. शिवाय विजय, बरोबरी आणि पराभव या तिन्हींच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज सट्टेवाला शंभराऐवजी एकशेपाच किंवा एकशेसहा ठेवतो. वरचे पाचसहा ही त्याची दलाली. त्याच्या वहीत दहा रकाने होते, पण लावलेले पैसे आणि आलेले पैसे यांचा रकाना नव्हता. अंदाजांची बेरीज होती, रुपयांची नव्हती.

आता शासनाच्या वहीकडे वळू. मुंबई इलाख्यात जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ साली झाला. त्या काळी मुंबईत पावसावर सट्टा चाले. किती पाऊस पडेल, पन्हाळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैसे लागत. मूळ व्याख्येत हा प्रकार नीट बसेना, म्हणून १८९० साली दुरुस्ती करून पाऊस कायद्याच्या कक्षेत आणावा लागला. कलकत्त्याच्या पावसासाठी बंगालनेही १८९७ साली स्वतंत्र कायदा केला. ढगांकडे पाहून पाऊस सांगणे हेही एक कौशल्यच होते, पण तसा युक्तिवाद शासनाने मानला नाही. घोड्यांच्या बाबतीत मात्र धोरण वेगळे. मुंबईत १९१२ साली रेसकोर्स परवान्याचा आणि १९२५ साली पैज कराचा कायदा झाला. म्हैसूर संस्थानाने पैज कर १९३२ साली आणला, आणि राज्य झाल्यावर १९५२ साली परवान्याचा कायदा केला. रस्त्यावरचा सट्टा पोलिसांकडे आणि रेसकोर्सवरचा कोषागाराकडे, अशी ही विभागणी झाली. ती करताना कौशल्यापेक्षा प्रेक्षकांची प्रतिष्ठा अधिक मोजली गेली असावी, असे मला वाटते.

पुढे याच प्रश्नावर मुंबई आणि म्हैसूर ही दोन राज्ये एका खटल्यात समोरासमोर आली म्हणावे लागेल. म्हैसूर राज्यात नोंदलेली आर.एम.डी.सी. ही कंपनी बंगळुरातून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा चालवी. प्रवेशशुल्क मोठ्या प्रमाणावर मुंबई राज्यातून जमा होई. मुंबईचा बक्षीस स्पर्धांवरील कायदा १९४८ चा. भावी घटनेच्या निकालाचा अंदाज वर्तविण्याच्या स्पर्धाही त्याच्या व्याख्येत होत्या. १९५२ साली दुरुस्ती करून बाहेरच्या राज्यांत छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धांनाही कर लावण्यात आला. कंपनी उच्च न्यायालयात जिंकली, परंतु ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई शासनाच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत, मनू आणि याज्ञवल्क्य यांच्यापर्यंतचा धांडोळा घेऊन जुगार हा व्यापारच नव्हे, त्याला संविधानातील व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरविले. मात्र जेथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती स्पर्धा जुगार नव्हे, हेही त्यातूनच पक्के झाले.

तेव्हापासून प्रत्येक पैजेला कौशल्याची वस्त्रे चढविण्याचा उद्योग सुरू आहे. १९६७ साली रमी कौशल्याचा खेळ ठरला. १२ जानेवारी १९९६ रोजी तामिळनाडूच्या लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यतही कौशल्याचीच ठरली. घोड्याची जात, शिक्षण, जॉकीचे कसब यांचा विचार त्यात झाला. कर्नाटकाने २०२१ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नसोत, बंद करू पाहिले. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथील उच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी अधिनियम केला आणि पैशांच्या खेळांपुरता कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला.

हा भेद खोटा आहे असे मी म्हणत नाही. महाभारतातील नलाख्यानात राजा ऋतुपर्ण झाडाची पाने व फळे क्षणात मोजून दाखवितो आणि नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवितो. बदल्यात नल त्याला अश्वहृदय देतो. दोन्ही विद्या खऱ्याच. परंतु नलाने ती विद्या मिळविली ती राज्य गमावून झाल्यावर, आणि खेळला तो एकट्या पुष्कराशी. दलाली कापून घेणारा तिसरा त्या पटावर नव्हता. आमच्या लिपिकाचे कौशल्यही खरे होते. त्याला बुडविले ते नशिबाने नव्हे, तर दुसऱ्या बाजूला बसलेल्या अधिक मोठ्या कौशल्याने. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कायदा विचारीत आला, "यात कौशल्य आहे काय?" कोणाचे कौशल्य, आणि त्याची किंमत कोणाच्या घरातून जाते, हे त्याने क्वचितच विचारले. पैज कराची जमा अंदाजपत्रकात दिसत असे. भविष्य निर्वाह निधीतून गेलेली रक्कम दुसऱ्याच कारणाखाली नोंदली जाते. माझ्याच स्वाक्षरीने ती 'शस्त्रक्रिया' म्हणून नोंदली गेली.

करार अधिनियमाच्या तिसाव्या कलमानुसार पैजेचे पैसे न्यायालयातून वसूल करता येत नाहीत. त्यामुळे वसुली दारात उभ्या राहणाऱ्या माणसांकडून होते. तशी माणसे त्याच्याही दारात आली होती, हे त्याच्या पत्नीने मला नंतर सांगितले. वर्तणूक नियमांनुसार जी कारवाई करणे भाग होते ती मी केली. त्याबरोबर एक दिवस त्याला समोर बसवून वहीत दोन नवे रकाने आखायला लावले : लावले आणि आले. बेरीज त्यानेच केली. तीन वर्षांचा गोषवारा लिहून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, कार्यालयाचं एकही रजिस्टर मी असं बेरजेवाचून ठेवलं नसतं."

तेव्हापासून अग्रिमाच्या अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी मी अर्जदाराला बोलावून दोन शब्द बोलतो. नियमात तशी तरतूद नाही. असो.