परीक्षेपूर्वीची उजळणी

उजळणी म्हणजे एकदा शिकून झालेला भाग पक्का व्हावा म्हणून तो पुन्हा वाचणे, म्हणणे, लिहिणे किंवा आठवून पाहणे. नवा भाग शिकणे आणि शाळेने दिलेला गृहपाठ करणे यांहून ती वेगळी मानली जाते. परीक्षेच्या काळात मात्र विद्यार्थ्याच्या दिवसाचा मोठा भाग तीच व्यापते. दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षा, नीट, जेईई व एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षा आणि लोकसेवा आयोगाच्या स्पर्धापरीक्षा यांच्या संदर्भात 'रोज किती तास उजळणी करावी' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. 'किती तासांनंतर ती जास्त होते' या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा संशोधनातून निघत नाही. उजळणीची पद्धत, ती किती दिवसांत विभागली आहे आणि तिच्यासाठी झोप कमी केली आहे का, या गोष्टींवर तिची मर्यादा अवलंबून असते.

शब्द आणि परंपरा

मराठीत 'उजळणी' हा शब्द पूर्वी मुख्यतः पाढ्यांच्या संदर्भात वापरला जाई; पाढ्यांच्या पुस्तकालाही उजळणीच म्हणत. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी मुलांकडून पाठ करून घेतली जात असे. दिवेलागणीच्या वेळी घरोघरी होणाऱ्या पाढ्यांच्या व श्लोकांच्या पाठांतराला परवचा म्हणतात. परवचा थोडा वेळ चाले, पण रोज चाले, आणि पुस्तक न पाहता म्हटला जाई. घोकंपट्टी म्हणून या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली व ती अर्थ न समजता केलेल्या पाठांतरापुरती योग्यही होती. तथापि, रोज थोडे आणि न पाहता म्हणणे ही दोन्ही वैशिष्ट्ये आधुनिक प्रयोगांत परिणामकारक ठरली आहेत.

वेदाध्ययनाच्या परंपरेत 'अनध्याय' म्हणजे अध्ययन वर्ज्य असलेले दिवस ठरलेले असत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी आणि चतुर्दशी या तिथींचा त्यात समावेश आहे. त्यामागील कारणे धार्मिक आहेत, त्यांचा विद्यार्थ्याच्या थकव्याशी संबंध जोडता येत नाही. पठणावर संपूर्ण भर असलेल्या या शिक्षणपद्धतीतही पठण बंद ठेवण्याचे दिवस होते, एवढे मात्र त्यावरून दिसते.

विस्मरण आणि पुनरावृत्ती

उजळणीचा प्रायोगिक अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांच्यापासून सुरू होतो. त्यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि ठरावीक कालावधीनंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात हे मोजले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार, ही बचत सुमारे २० मिनिटांनी ५८ टक्के, एका तासाने ४४ टक्के आणि एका दिवसाने ३४ टक्के उरत होती. महिन्यानंतरही ती २१ टक्के होती. विस्मरण सुरुवातीला वेगाने आणि नंतर संथ गतीने होते, असा याचा अर्थ लावला जातो.

उजळणी किती करावी या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे एक निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. १२ अक्षरगटांची यादी एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी जो परिणाम मिळाला, तोच परिणाम तीन दिवसांत विभागलेल्या केवळ ३८ पुनरावृत्तींनी मिळाला. याद्यांच्या पुनरावृत्ती ६४ पर्यंत नेल्यावर आपल्याला थकवा आणि डोकेदुखी जाणवू लागली, त्यामुळे संख्या आणखी वाढवली असती तर प्रयोगाचे निष्कर्षच बिघडले असते, अशी नोंदही त्यांनी केली आहे. उजळणीच्या अतिरेकाची ही बहुधा प्रयोगशाळेतील सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक असावी.

दोन उजळण्यांमध्ये किती अंतर असावे हे परीक्षा किती दूर आहे यावर अवलंबून असते. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३५० हून अधिक व्यक्तींचा सहभाग असलेल्या प्रयोगात, चाचणी आठवड्याने होणार असता सुमारे एका दिवसाचे अंतर आणि जवळजवळ वर्षाने होणार असता सुमारे तीन आठवड्यांचे अंतर सर्वांत उपयुक्त ठरले. तोच धडा रोज वाचणे म्हणूनच फारसे लाभदायक नसते.

अतिअध्ययन

एखादा भाग बिनचूक येऊ लागल्यानंतरही त्याच बैठकीत त्याचा सराव चालू ठेवणे याला मानसशास्त्रात अतिअध्ययन म्हणतात. डब्ल्यू. सी. एफ. क्रूगर यांनी १९२९ मध्ये नामांच्या याद्या वापरून याचा अभ्यास केला. यादी पाठ व्हायला जेवढे प्रयत्न लागले त्यांच्या निम्मे अधिक प्रयत्न केल्यास धारणा लक्षणीय वाढली. त्यानंतर आणखी तेवढेच प्रयत्न केल्यावर मिळालेला लाभ बराच कमी होता. डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अतिअध्ययनाचा फायदा आठवड्याने दिसला, पण पुढील काही आठवड्यांत तो मोठ्या प्रमाणात ओसरला. म्हणजे उद्याच्या परीक्षेसाठी असा सराव काही अंशी उपयोगी पडू शकतो, पण दोन महिन्यांनी होणाऱ्या परीक्षेसाठी तो वेळेचा अपव्यय ठरतो.

वाचणे आणि आठवणे

उजळणीचे तास वाढूनही गुण न वाढण्याचे एक प्रमुख कारण पुनर्वाचन हे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो आपल्याला येतो असा समज होतो. ओळखणे म्हणजे प्रत्यभिज्ञा आणि पुस्तक मिटून आठवणे म्हणजे प्रत्यावाहन, या दोन वेगळ्या क्षमता आहेत. परीक्षेतील उत्तरपत्रिकेत प्रामुख्याने दुसरीची गरज पडते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने गद्य उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने एका सत्रात वाचून उरलेल्या तिन्ही सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता: त्यांना ८३ टक्के भाग आठवला, दुसऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के भाग आठवला. पहिल्या गटाने उतारा सरासरी १४ वेळा वाचला होता, दुसऱ्याने जेमतेम साडेतीन वेळा. तरीही पुढे आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा अभ्यासतंत्रांचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि उजळणी विभागून करणे यांची उपयुक्तता उच्च, तर पुनर्वाचन आणि ओळी अधोरेखित करणे यांची कमी ठरवली गेली.

झोप

'चार तास झोपणारा उत्तीर्ण, पाच तास झोपणारा अनुत्तीर्ण' या अर्थाचे बोधवाक्य जपान आणि दक्षिण कोरियातील परीक्षार्थींमध्ये प्रचलित होते. भारतातही परीक्षेत पहिल्या आलेल्यांच्या दिनक्रमाबद्दल अशाच स्वरूपाच्या कथा सांगितल्या जातात. संशोधन त्यांना दुजोरा देत नाही. अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षे वयोगटासाठी रोज ८ ते १० तास झोपेची शिफारस केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लॉस एंजेलिसमधील ५३५ विद्यार्थ्यांच्या १४ दिवसांच्या दैनंदिन नोंदी तपासण्यात आल्या. झोप कमी करून नेहमीपेक्षा अधिक अभ्यास केल्यास दुसऱ्या दिवशी वर्गात न समजण्याचे आणि चाचणीत कमी गुण पडण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. विद्यार्थी एरवी कितीही अभ्यास करणारा असला तरी हा परिणाम दिसला.

तासांचा हिशोब

अभ्यासाच्या तासांविषयीचे बहुतेक सर्वेक्षण गृहपाठाबद्दल आहे, त्यामुळे ते उजळणीला जसेच्या तसे लागू होत नाही. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातील ७७२५ किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासात (२०१५) गणित व विज्ञानातील सर्वांत चांगली कामगिरी रोज सुमारे एक तास गृहपाठ करणाऱ्यांत आढळली. दीड तासानंतर ती घसरत गेली. हा सहसंबंध आहे. कच्चे विद्यार्थीच जास्त वेळ बसत असतील ही शक्यता त्याने नाकारता येत नाही.

महाराष्ट्रातील बारावीच्या विद्यार्थ्याचा दिवस पाहिल्यास मर्यादा साध्या वजाबाकीनेही दिसते. झोपेचे ८ तास, महाविद्यालयाचे ६, शिकवणीवर्गाचे ३ आणि जेवण, प्रवास व इतर कामांचे ३ तास धरले तर उजळणीसाठी ४ तास उरतात. गृहपाठही त्यातच करावा लागतो. रोज १२-१४ तास अभ्यास केल्याचे सांगितले जाते तेव्हा त्यात बहुधा वर्गातील तास मोजलेले असतात, महाविद्यालयातील उपस्थिती नावापुरती असते, किंवा झोप कमी केलेली असते. सुट्टीच्या काळात व केवळ स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्यांकडे वेळ अधिक असतो, मात्र पुनरावृत्तीचा घटता लाभ त्यांनाही चुकत नाही.

शासकीय नियम

भारतात यशपाल समितीने १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल सादर केला. केंद्राच्या शालेय दप्तर धोरणात (२०२०) दुसरीपर्यंत गृहपाठ नको, सहावी ते आठवीसाठी रोज जास्तीत जास्त एक तास आणि नववी ते बारावीसाठी दोन तास, असे सुचवले आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिक्षण मंत्रालयाने जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणीवर्गांनी दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक वर्ग घेऊ नयेत, साप्ताहिक सुट्टी द्यावी आणि १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये. दक्षिण कोरियात सोलमधील खासगी शिकवण्या रात्री १० नंतर बंद ठेवण्याचा नियम तेथील घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये वैध ठरवला. चीनने २०२१ मध्ये लेखी गृहपाठावर वयानुसार मर्यादा घातली. हे सर्व नियम संस्थांना लागू आहेत. घरी दार लावून रात्री दोनपर्यंत चाललेली उजळणी त्यांच्या कक्षेत येत नाही.

अतिरेकाची लक्षणे

पान वाचून झाल्यावर त्यातील काहीच न आठवणे, तास वाढत असताना सराव परीक्षांतील गुण स्थिर राहणे किंवा घसरणे, येत असलेल्या भागाकडेच वारंवार वळणे ही उजळणी निष्फळ होत असल्याची लक्षणे मानली जातात. सततची डोकेदुखी, अंथरुणावर पडूनही झोप न लागणे, भूक मंदावणे, चिडचिड आणि मित्रांशी बोलणे टाळणे यांकडे केवळ परीक्षेचा ताण म्हणून दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरू शकते. मानसिक आरोग्यविषयक मदतीसाठी भारत सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून ती मराठीतही मिळते.