महारोहिणी शस्त्रक्रिया : उपद्रव व आरोग्यलाभ

हृदयाच्या डाव्या निलयापासून निघून छाती व उदर यांतून जाणाऱ्या, शरीरातील सर्वांत मोठ्या रोहिणीस महारोहिणी म्हणतात. तिची भित्ती फुगणे (विस्फार) आणि भित्तीचे थर विलग होणे हे तिचे प्रमुख विकार होत. विस्फार फुटल्यास बहुसंख्य रोगी दगावतात. या विकारांवरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा मुख्यतः तिच्या उपद्रवांवर मिळविलेल्या नियंत्रणाचा इतिहास आहे.

ॲस्टली कूपर (१७६८–१८४१) या इंग्रज शस्त्रक्रियाविशारदांनी १८१७ मध्ये उदरातील महारोहिणीस बंध घातला, रोगी सु. ४० तास जगला. अमेरिकेतील रूडॉल्फ मॅटास (१८६०–१९५७) यांना अशा बंधामध्ये १९२३ साली यश आले. तथापि रक्तप्रवाह बंद करण्याऐवजी तो टिकवून ठेवणे आवश्यक होते. त्यासाठी लागणारे वाहिन्या शिवण्याचे तंत्र ॲलेक्सिस कॅरेल (१८७३–१९४४) यांनी विकसित केले व त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये पॅरिस येथे शार्ल द्युबोस्त यांनी उदरातील विस्फार कापून काढून तेथे मृत व्यक्तीच्या महारोहिणीचा तुकडा जोडला. असे तुकडे कालांतराने कठीण होत वा फुगत. म्हणून कृत्रिम कापडाच्या नळ्या प्रचारात आल्या. मायकेल डिबेकी (१९०८–२००८) यांनी डेक्रॉनची पहिली नळी घरच्या शिवणयंत्रावर शिवली होती.

उपद्रव : शस्त्रक्रियेच्या वेळी महारोहिणी चिमट्याने दाबून धरावी लागते. त्यामुळे चिमट्याच्या खालील भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि हृदयावरील ताण वाढतो. रक्तस्राव, हृद्‌रोगाचा झटका, वृक्कांचे कार्य बंद पडणे, फुप्फुसशोथ व मोठ्या आतड्याचा कोथ हे प्रमुख उपद्रव होत. महारोहिणीच्या कमानीवरील शस्त्रक्रियेत मेंदूस इजा होण्याची भीती असते. स्वरयंत्राच्या तंत्रिकेस इजा झाल्यास आवाज घोगरा होतो. नळीस जंतुसंसर्ग होणे हा विरळा, पण अतिगंभीर उपद्रव आहे.

सर्वांत भयावह उपद्रव म्हणजे मेरुरज्जूचा रक्तपुरवठा तुटून दोन्ही पाय लुळे पडणे. स्टॅन्ली क्रॉफर्ड यांच्या छाती व उदर यांतील महारोहिणीवरील १,५०९ रोग्यांच्या मालिकेत (प्रसिद्धी १९९३) हे प्रमाण १६ टक्के होते. मेरुरज्जूभोवतीचा द्रव निचरा करून त्यावरील दाब कमी केल्यास हा धोका घटतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो १३ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आला. हा उपद्रव शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनीही उद्भवू शकतो. अशा वेळी रक्तदाब वाढविल्यास व द्रवाचा निचरा केल्यास काही रोग्यांच्या पायांत पुन्हा बळ येते.

आरोग्यलाभ : पहिले काही दिवस रोग्यास अतिदक्षता विभागात ठेवतात. श्वसनाचे व्यायाम, लवकर चालविणे व रक्तदाबाचे नियंत्रण यांवर भर असतो. पूर्वीची शक्ती येण्यास दोन-तीन महिने वा अधिक काळ लागतो. थकवा, भूक मंदावणे व खिन्नता या तक्रारी सामान्य आहेत. महारोहिणीचा उरलेला भागही विकृत होऊ शकत असल्याने प्रतिमातपासणी आयुष्यभर करावी लागते.

डिबेकी यांच्या स्वतःच्या महारोहिणीच्या भित्तीचे थर २००५ च्या अखेरीस विलग झाले. या विकाराचे वर्गीकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांनी प्रथम शस्त्रक्रियेस नकार दिला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये ते प्रतिसाद देईनासे झाल्यावर कुटुंबीयांची इच्छा व रुग्णालयाच्या नीतिसमितीची संमती यांनुसार ९७ व्या वर्षी ती करण्यात आली. त्यानंतर त्यांना अनेक आठवडे कृत्रिम श्वसन व काही काळ रक्तापोहनाची गरज लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते घरी परतले. शस्त्रक्रिया झाल्याबद्दल त्यांनी नंतर समाधान व्यक्त केले. तरीही रोग्याचा आधीचा नकार कितपत बंधनकारक मानावा, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

ह्वान पारोदी यांनी १९९० मध्ये ब्वेनस एअरीझ येथे जांघेतील रोहिणीतून नळी आत बसविण्याची पद्धत उदरातील विस्फारासाठी वापरली. तीमुळे सुरुवातीचे मृत्यू व रुग्णालयातील वास्तव्य कमी झाले. मात्र नळीभोवती रक्त झिरपून पुन्हा उपचार करावे लागण्याचा संभव अधिक असतो.