दुभंगलेला ओठ आणि आईवरचा आळ

ग्रहण लागले की आमच्या नागभीडकडे गरोदर बाईला अजूनही घरात बसवून ठेवतात. विळी धरायची नाही, काही चिरायचे नाही. तिने चुकून चिरले आणि मूल दुभंगलेल्या ओठाचे जन्मले, तर सारा दोष आईच्या माथी! मजुरीची तक्रार घेऊन आलेल्या एका बीडी कामगार बाईने शेवटी आम्हाला हेच दुःख सांगितले. याच कारणावरून नवऱ्याने तिला माहेरी धाडले होते. तिच्या बाजूने काय बोलावे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. म्हणून पुस्तके उघडली.

आईवर आळ घेण्याची रीत आपल्यापुरती नाही. गर्भवतीने ससा पाहिला तर मुलाचा ओठ सशासारखा होतो, असे युरोपातही मानीत. १९४२ साली डेन्मार्कचे शल्यवैद्य फोग-आन्डरसन यांनी अशा रुग्णांच्या वंशावळी तपासल्या. ओठाचा दुभंग, मग टाळू फाटलेली असो वा नसो, ही आनुवंशिकतेची एक जात. नुसत्या टाळूचा दुभंग ही दुसरी, असे त्यांना आढळले. पुढे २००२ साली आयआरएफ-६ हे जनुक सापडले. त्यातील बिघाडाने काही घराण्यांत खालच्या ओठावर खळगे आणि जोडीला असा दुभंग पिढ्यान्‌पिढ्या येतो. परंतु बहुतेक मुलांत एकच जनुक दोषी नसते; अनेक जनुके आणि गर्भाभोवतीची परिस्थिती यांचा तो मेळ असतो. आईचे धूम्रपान व फेफऱ्यावरची काही औषधे यांनी धोका वाढतो, एवढे सिद्ध आहे.

आता पेशींचे काम पाहा. चेहरा अखंड उगवत नाही. गर्भाच्या पाठीकडून सरकत आलेल्या पेशींचे निरनिराळे उंचवटे तयार होतात. ते वाढून एकमेकांस भिडतात, मधला त्वचेचा पातळ पडदा विरतो आणि सांधा जुळतो. पेशी कमी पडल्या, भेट चुकली किंवा पडदा विरला नाही, तर फट राहते. ओठाचा सांधा सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो, टाळूचा बाराव्यापर्यंत. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने जुळलेला ओठ कसा फाटणार?

या व्यंगावर उपाय आहे, आणि तो आपल्या विदर्भातच आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातील अगदी आरंभीच्या विभागांत त्याची गणना होते. १९७५ साली त्यांनी मांडलेले या दुभंगांचे वर्गीकरण नागपूरच्या नावाने ओळखले जाते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात, टाळूची दीड वर्षाच्या आत.

तेव्हा असे मूल जन्मले तर पंचांग उघडू नका. बाळाला दूध ओढता येते की नाही ते पाहा, त्याला इस्पितळात न्या, आणि आईला घरातच ठेवा. त्या बाईला आम्ही हे वेळेवर सांगू शकलो नाही. आज आपणा सर्वांना सांगत आहोत.