रखमाबाईंचा नकार

अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई मोठेपणी नांदायला गेल्याच नाहीत. 1884 मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर वारे फिरले. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी बजावले : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात.

रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली! संमतीविना झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, हे त्यांचे म्हणणे आजही थक्क करते.

‘केसरी’ने त्यांच्यावर कडाडून टीका केली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, तुरुंगवास टळला. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

अशा हुकुमासाठी कैदेची तरतूद 1923 मध्ये गेली. नांदायला बोलावण्याचा दावा मात्र 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही कलम 9 म्हणून टिकला.